प्रगती समाधानकारक

सहामाही प्रगती अहवालाच्या फॉर्मवर पाच रकाने असतात. पूर्ण केलेली प्रकरणे, अभ्यासलेले संदर्भ, सादर केलेले शोधनिबंध, पुढील सहा महिन्यांचे नियोजन आणि अडचणी. त्याखाली मार्गदर्शकांच्या शेऱ्यासाठी दीड ओळ. त्या दीड ओळीत गेली पाच वर्षं ‘प्रगती समाधानकारक’ असं लिहून येतंय. माझ्या आयुष्यात इतक्या सातत्यानं समाधानकारक असलेली दुसरी कुठलीच गोष्ट नाही.

हा फॉर्म येतो तोच मुळी अवेळी. हिशेब जानेवारी ते जूनचा, भरायचा जुलैच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे सत्र सुरू झालेलं, पाऊस लागलेला, गेल्या वर्षीची छत्री कुठे ठेवली ते आठवत नाही, आणि विद्यापीठ विचारतंय, उन्हाळ्यात काय केलंत? चौथीत ‘मी सुट्टीत काय केले’ हा निबंध असायचा. मामाच्या गावाला गेलो, आंबे खाल्ले, विहिरीत पोहलो, एवढं लिहिलं की दहापैकी आठ ठरलेले. पीएच.डी.ला हे उत्तर चालत नाही. पंचाईत अशी, की उत्तर अजूनही तेच आहे.

विषय सांगून मोकळा होतो. ‘एकोणिसाव्या शतकातील मराठी नियतकालिकांतील जाहिराती : एक चिकित्सक अभ्यास’. ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट लावावंच लागतं. नाही लावलं तर बाकीचा अभ्यास भोळाभाबडा असेल अशी समितीला शंका येते. वय ३४. वय मुद्दाम सांगितलं, कारण या विषयातली माणसं मला वयावरून फार छळतात. बाळशास्त्री जांभेकर १८४६ साली गेले तेव्हा जेमतेम माझ्या वयाचे होते. विष्णुशास्त्री चिपळूणकर तर बत्तिशी पुरी व्हायच्या आत गेले, आणि जाण्याआधी ‘निबंधमाले’चे ८४ अंक काढून गेले. माझा आराखडा मंजूर आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात आणि फेरनोंदणी केली तर आणखी दोन. झाली आठ. जांभेकरांचं ‘दर्पण’ १८३२ ते १८४० असं साडेआठ वर्षं चाललं. म्हणजे ‘दर्पण’ चालवायला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच त्यातल्या जाहिराती मोजायला मला लागणार. त्यातही सहा महिने कमीच पडतील.

आता उन्हाळ्याचं. माझ्या उन्हाळी सुखाचं मूळ कारण असं की उन्हाळ्यात मला पगार नसतो. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. तास घेतला की पैसे, तास संपले की नमस्कार. कायम प्राध्यापकांना मे महिन्यात सुट्टी असते, आम्हाला खंड असतो. सुट्टीत पगार येतो, खंडात येत नाही. पण सुट्टीत माणसाला परीक्षेची कामं, समितीची कामं, प्राचार्यांचे फोन असतात. खंडात कोणी फोन करत नाही. नोकरीत नसलेल्या माणसाला काम सांगण्याइतकी आपली व्यवस्था अजून प्रगत झालेली नाही. (हे मी छापून आणतोय खरं, पण कोणी मनावर घेऊ नये.)

माझ्या खोलीतला मित्र जेआरएफवाला. त्याला महिना ३७,००० रुपये मंजूर आहेत. मंजूर हा शब्द हळू वाचावा. त्याला मात्र उन्हाळा नाही. अधिछात्रवृत्ती घेणाऱ्याला वर्षाला ३० दिवस रजा, ती मंजूर करून घेऊन. उन्हाळी-हिवाळी सुट्ट्यांवर त्याचा हक्क नाही, असं नियमात चक्क लिहिलेलं आहे. म्हणजे पैसे आहेत त्याला उन्हाळा नाही, आणि उन्हाळा आहे त्याला पैसे नाहीत. ही विभागणी कोणी केली माहीत नाही, पण गावी जायच्या दिवशी एसटीच्या खिडकीतून त्याला हात करताना मला ती न्याय्य वाटली.

मेसवाल्या काकू मे महिन्यात त्यांच्या गावी जातात. इतर अकरा महिने आपण मेसला खाडा धरतो. मे महिन्यात मेसच आपला खाडा धरते. खोलीवर राहिलं तर मिसळ, वडापाव आणि गुरुवार. गुरुवार हा पुण्यातल्या भाडेकरूंचा खास वार. त्या दिवशी दुरुस्तीसाठी वीज जाते, आणि पाणीही बहुधा त्याच दिवशी बंद असतं. २०२३च्या हिवाळी अधिवेशनात तेव्हाच्या उपमुख्यमंत्र्यांनी विचारलं होतं, पीएच.डी. करून काय दिवे लावणार? पुढे त्यांनी शब्द मागे घेतले म्हणतात. घ्यायला नको होते. गुरुवारी दुपारी आमच्या मजल्यावर येऊन पाहिलं असतं, तर राज्याला दिव्यांची गरज आहे आणि आम्ही ते मेणबत्तीवर भागवतोय, एवढं तरी कळलं असतं.

म्हणून आखाजीला आईबरोबर तिच्या माहेरी गेलो. चार दिवसांसाठी म्हणून गेलो आणि तीन आठवडे राहिलो. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि तिचा थाट दिवाळीच्या वरचा. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि चार दिवस कोणाचं ऐकत नाहीत. सण सासुरवाशिणींचा आहे, पुरुषाचं तिथे काय काम, असं कोणी म्हणू शकेल. पण मार्गदर्शकांच्या घरी मी गेली पाच वर्षं ज्या आवाजात ‘हो सर’ म्हणतोय तो आवाज एकदा ऐकावा. माहेरपणाचा हक्क मलाही पोचतो.

जळगावकडचा मे महिना म्हणजे ४४ अंश. पुण्याची माणसं ३८ला पेपरात बातमी देतात. तिकडे ४४ला फक्त पंख्याचा वेग वाढवतात, आणि पंखा आधीच पाचवर असतो. अशा उन्हात माणसानं काहीही न करणं हे आळसाचं लक्षण मानत नाहीत, शहाणपणाचं मानतात. दुपारी बारा ते पाच अख्खं गाव ओलं फडकं डोक्याला गुंडाळून आडवं. आयुष्यात पहिल्यांदा मी बहुसंख्याकांत होतो.

आडवं होण्याआधी जेवण. खापरावर भाजलेले मांडे आणि आमरस. मांडा हातावर फिरवून मोठा करताना मामीचे दोन्ही हात कोपरापर्यंत त्याखाली नाहीसे होतात आणि मग तो उपड्या खापरावर असा पसरतो की बाजारात नवी चादर झटकून दाखवावी. रस गावठी आंब्यांचा, पाटीभर पिळून काढलेला. पुण्यात मी आंबा डझनावर भाव विचारून सोडून देतो. गावात भाव विचारला तर घरचे रागावतात. पुण्याच्या पेठेत कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत बसून, देवगडचा भाव घेऊन जातो. व्यापारात याला चांगला सीझन म्हणतात. प्रबंधात हेच केलं की वाङ्मयचौर्य.

वाङ्मयचौर्यावरून आठवलं. आयोगाच्या २०१८च्या नियमांत साम्याच्या टक्क्यांचा हिशेब आहे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. त्यापुढे प्रबंध दुरुस्त करून आणा, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. मी माझा हा उन्हाळा मागच्या उन्हाळ्याशी मनातल्या मनात ताडून पाहिला. साम्य ९० टक्क्यांच्या घरात. तेच मांडे, तीच खाट, तोच मामा, मामाचा तोच प्रश्न. उरलेले दहा टक्के म्हणजे खाटेची नवी नायलॉनची पट्टी.

मामाचा प्रश्न असा : “काय करी राह्यना भाऊ सध्या?”

“पीएच.डी.”

“आजून?”

या ‘आजून’मध्ये उपहास नसतो, खरी काळजी असते. मामाचा कापूस जूनमध्ये लावला की वर्ष सरायच्या आत घरात येतो. बोंडअळी पडली तरी येतो, कमी येतो एवढंच. पाच वर्षं शेतात उभं राहून एकही बोंड न धरणारं पीक त्यानं पाहिलेलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर केव्हाच उपटून हरभरा पेरला असता.

प्रबंधाचा समाजाला उपयोग काय, हा प्रश्न आराखडा मंजूर करणाऱ्या समितीनंही विचारला होता. तेव्हा मी काहीतरी मोठंमोठं बोललो होतो. खरं उत्तर या मे महिन्यात मामीच्या गच्चीवर सापडलं. कुरडया घातल्या होत्या. ऊन कडक, वारा त्याहून कडक, आणि खालचं प्लास्टिक चारही बाजूंनी उडायला लागलं. मामीनं एका कोपऱ्यावर पाटा ठेवला, एकावर वरवंटा, तिसऱ्यावर वीट आणि चौथ्यावर माझं दुसरं प्रकरण. १४० पानं, स्पायरल बाइंडिंग. संध्याकाळपर्यंत हललं नाही. मामी म्हणाली, “चांगलं भारी आहे.” पाच वर्षांत या प्रकरणाबद्दल कोणी इतकं स्पष्ट मत दिलेलं नाही.

आणि चीक! कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजवून, वाटून, गाळून, शिजवून जो चीक होतो, तो साच्यात जायच्या आत वाटीत काढून दूध-साखर घालून खायचा असतो. गरम, चकाकणारा, जिभेवरून आपोआप घसरणारा. तो दुकानात मिळत नाही, कुठलं ॲप तो घरपोच देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी उरत नाही. तो खाण्यासाठी पहाटे पाचला चुलीजवळ हजर असावं लागतं. मी हजर होतो. माझी शंभर टक्के हजेरी लागलेला वर्षभरातला हा एकमेव उपक्रम. पण फॉर्मवर ‘सादर केलेले शोधनिबंध’ आहे, ‘खाल्लेला चीक’ नाही.

कावळे हाकलायला माझी नेमणूक होती. गच्चीच्या जिन्यात सावलीला बसून काठी आपटायची. त्या जिन्यात मी वाचलं. प्रबंधासाठी वाचतो तसं नाही, म्हणजे उजव्या हातात पेन्सिल आणि डोक्यात तळटीप, असं नाही. नुसतं वाचलं. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ तिसऱ्यांदा वाचलं. दुर्गाबाईंची पीएच.डी. पुरी झाली नाही, हे आमच्या जमातीत एकमेकांना धीर देताना सांगतात. माझा आक्षेप असा की ते अर्धंच सांगतात. पुढचं अर्धं म्हणजे १९५६ साली बाईंनी हे पुस्तक दिलं, आणि ते लिहायला नुसतं पीएच.डी. न होणं पुरेसं नसतं. आमच्या विद्यापीठाचं वर्ष दोन सत्रांत संपतं. बाईंच्या पुस्तकात चैत्र ते फाल्गुन बारा महिने आहेत, आणि एकाही महिन्याला अंतर्गत मूल्यमापन नाही.

माझ्या त्या जुन्या जाहिरातीही मी जिन्यात बसून वाचल्या. छायाप्रतींचं बाड बरोबर नेलं होतं, पापक्षालन म्हणून. औषधांच्या, पुस्तकांच्या, नाटकांच्या. त्यांत लोकांना किती आजार होते ते कळतं आणि सगळे आजार एकाच बाटलीनं जात होते हेही कळतं. दोन तास मी एकटा हसत होतो. मामीला वाटलं ऊन लागलं. पाच वर्षांपूर्वी हा विषय मी का घेतला होता ते त्या दुपारी आठवलं. मध्ये विसरलो होतो. विषय मजेचा आहे म्हणून घेतला होता. आराखड्यात तसं लिहिता येत नाही, म्हणून ‘संशोधनाची निकड’ या मथळ्याखाली दोन पानं लिहिली होती, आणि पुढे ती मलाच खरी वाटायला लागली होती.

पुण्याला परतलो ते वसंत व्याख्यानमालेचे शेवटचे आठ दिवस गाठायला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली ही माला ऐन उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये भरते. दीडशे वर्षं होऊन गेली. मला तिचं नवल वाटतं ते विचारधन वगैरेसाठी नाही. भर उन्हाळ्यात, घरी पंखा आणि टीव्ही सोडून, माणसं आपल्या पायानं व्याख्यान ऐकायला येतात, पुढची खुर्ची धरायला आधी येतात, वक्त्याचं चुकलं तर शेजाऱ्याला कुजबुजून सन सांगतात आणि हजेरीची सही न करता घरी जातात. इकडे आम्ही ७५ टक्के हजेरीचा धाक घालून, गुण कापायची भीती दाखवून, दाराला आतून कडी लावून जे जमवतो ते त्यांना दीडशे उन्हाळे असंच जमतंय. माझ्या शेजारच्या आजोबांनी विचारलं, “तुम्ही काय करता?” म्हटलं, शिकवतो. ते म्हणाले, “मग इथे कसे?” प्रश्न सरळ होता. मी त्याचं उत्तर अजून शोधतोय.

ग्रंथालयातही उन्हाळ्यात चांगलं चालतं, पंख्याखालची जागा मिळाली तर. ती मिळत नाही. स्पर्धा परीक्षांची पोरं मे महिन्यात घरी जात नाहीत. सकाळी सातला बाटली आणि रुमाल ठेवून जागा धरतात. मी त्यांच्याकडे आदरानं बघतो. ते एमपीएससीच्या जाहिरातीची वाट बघतात, मी १८७०च्या जाहिराती वाचतो. जाहिरातीवर जगणारे आम्ही दोघंही, फक्त माझ्या जाहिराती निघालेल्या तरी आहेत. त्यांतल्या एकानं २०२४च्या जूनमध्ये नेटही दिली होती. १८ तारखेला परीक्षा झाली, १९ला रद्द झाली. तो म्हणतो, सर, आयुष्यात तो एकच दिवस असा होता की पेपर चांगला गेला होता आणि निकालाची भीती नव्हती.

मग जून लागला. खंड संपला. तासिकेच्या मुलाखतीला गेलो. त्याच महाविद्यालयात, त्याच खोलीत, त्याच जागेसाठी, जिथे मी मार्चपर्यंत शिकवत होतो. समोर तेच तीन जण, ज्यांच्याबरोबर मी रोज चहा प्यायचो. त्यांतल्या एकांनी विचारलं, “स्वतःबद्दल थोडं सांगा.” मी सांगितलं. त्यांनी नवीन माहिती मिळाल्यासारखी मान हलवली. दुसऱ्यांनी विचारलं, नवीन शैक्षणिक धोरणाबद्दल काय वाटतं? मी म्हटलं, चांगलं आहे. जागा मिळाली. बाहेर आल्यावर त्याच तिघांबरोबर चहा झाला. पैसे मी दिले, कारण माझी नेमणूक झाली होती.

पहिल्या तासाला एका मुलीनं विचारलं, “सर, तुम्ही पीएच.डी.च्या कितव्या वर्षाला?” सहाव्या, म्हटलं. ती कौतुकानं म्हणाली, “बापरे, म्हणजे खूप अभ्यास झाला असेल.” अशी मुलं पहिल्या तासालाच भेटतात. दिवाळीपर्यंत त्यांनाही कळतं.

आता फॉर्म. ‘पूर्ण केलेली प्रकरणे’मध्ये लिहिलं, दुसरे प्रकरण तपासून पाहिले. वजनाच्या दृष्टीनं तपासलं होतं, पण रकान्यात तेवढी जागा नव्हती. ‘अभ्यासलेले संदर्भ’मध्ये ‘ऋतुचक्र’ लिहून खोडलं. शोधनिबंध, नाही. ‘नियोजन’मध्ये मागच्या वेळचंच नियोजन उतरवलं, ते अजून न वापरलेलं, कोरं करकरीत होतं. ‘अडचणी’पाशी जरा थांबलो. खरं सांगायचं तर या उन्हाळ्यात मला कसलीच अडचण आली नव्हती. म्हणून लिहिलं, ‘नाहीत’.

सरांकडे नेला. सर मे महिनाभर उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर होते. डोळ्यांखाली तिचे ठसे होते. त्यांनी फॉर्म न वाचता दीड ओळ भरली, सही केली आणि म्हणाले, “कुरडया आणल्यास का रे?” आणल्या होत्या. पिशवी पुढे केली. सरांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “वा.” शेऱ्यातल्या ‘समाधानकारक’पेक्षा हा ‘वा’ मनापासूनचा होता.

फॉर्म घेऊन पीएच.डी. विभागाच्या खिडकीशी गेलो. मॅडमनी चष्मा वर करून पहिले चार रकाने एका नजरेत संपवले आणि पाचव्यावर बोट ठेवलं.

“अडचणी नाहीत?”

“नाहीत.”

“फेरनोंदणी करायचीय ना पुढे?”

“करावी लागेल.”

“मग?” मॅडमचा आवाज समजूत घातल्यासारखा झाला. “अडचण नाही तर वेळ कशाला वाढवून द्यायचा? उद्या तुमची फाइल वर गेली की पहिला प्रश्न हाच येईल. काहीतरी लिहा. सगळे लिहितात.”

“काय लिहू?”

“ते मी कसं सांगणार? सहा महिन्यांत ज्यानं तुमचं काम झालं नाही ते लिहा.”

मी पेन काढलं. ‘नाहीत’ खोडून पुढे लिहिलं, ‘उन्हाळा’.

मॅडमनी वाचलं. मला वाटलं फॉर्म परत फेकतील. त्यांनी क्षणभर विचार केला.

“आधी ‘तीव्र’ घाला,” म्हणाल्या, आणि शिक्का शोधायला लागल्या.